टर्मिनलसमोरचं तळं

विमानतळावरची सुरक्षा अधिकारी म्हटलं की लोकांना बॅगा उचकटणारी गणवेशातली बाई आठवते. या बाईंचं काम वेगळं. अपघात कुठे होऊ शकेल हे तो होण्याआधी शोधायचं आणि तिथे आडवं पडायचं, याचा त्यांना पगार मिळतो. ऑफिसात त्यांना ‘खोडा’ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. एकदा वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहून आलं होतं. त्यांनी केक कापला आणि ‘खो’ स्वतः खाल्ला.

पूर्वी आराखडा पुरा होई, कंत्राट दिलं जाई, खड्डे खणले जात, आणि मग बाईंना बोलावून सहीची जागा दाखवली जाई. मालाच्या गोदामाचं असंच झालं. चकचकीत पांढरं छप्पर घातलं आणि सकाळचं ऊन त्यावरून थेट कंट्रोल टॉवरमधल्या माणसांच्या डोळ्यांत. अख्खं छप्पर राखाडी रंगवावं लागलं. रंगाऱ्याचं भलं झालं. त्यानंतर बाईंनी साहेबांच्या मागे लागून नियम करून घेतला: नव्या कामाचा पहिला आराखडा हाती आला की आधी धोक्यांची बैठक. तिथे पास झाल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही.

नियम झाला, आणि त्यात सापडलेला पहिला आराखडा बाईंच्या धाकट्या दिराचा निघाला.

दीर त्याच विमानतळाच्या नियोजन विभागात आर्किटेक्ट. राहायला एकाच घरात, वरच्या मजल्यावर. नव्या टर्मिनलचा दर्शनी भाग हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम, आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, अडकलात तर काम बाहेरच्या सल्लागाराकडे जाईल. टर्मिनलसमोर त्याने एक तळं काढलं होतं. दगडी पायऱ्या, पाण्यात काचेच्या इमारतीचं प्रतिबिंब. ते चित्र सासूबाईंनी फ्रिजवर लावलं होतं. बाईंनी जेवताना त्याकडे पाहिलं आणि भात चिवडत बसल्या.

“काय झालं वहिनी? आवडलं नाही?”

“छान आहे. बगळ्यांना तर फारच आवडेल.”

“झालं सुरू!”

“धावपट्टी केवढी जवळ आहे बघा, भाऊजी. पाणी दिसलं की पक्षी उतरणार, आणि उडाले की विमानाच्या इंजिनात जाणार.”

“अगं, जेवताना तरी इंजिन नको,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचं पहिलं काम आहे. एक तळं चालवून घेतलंस तर काय बिघडेल?”

बाईंच्या नवऱ्याने पाण्याचा जग उचलला आणि भरायच्या निमित्ताने तो आत गेला. जग भरलेलाच होता.

पेच खरा होता. अडवलं तर दिराचं काम जाणार. नाही अडवलं तर नियमाचं पहिल्याच खेपेला हसं होणार, आणि पुढच्या प्रत्येक आराखड्यामागे कोणाचा ना कोणाचा दीर उभा राहणार.

बैठकीला मंडळी चहाचे कप घेऊन, तमाशाला यावं तशी आली. भिंतीवर रंगीत तक्ता लावला होता: धोका कितीदा घडेल आणि घडला तर किती वाईट. बाईंनी ‘तळं’ लिहिलेली चिठ्ठी सरळ लाल, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या, चौकोनात लावली. टॉवरच्या प्रमुखाने मान डोलावली.

“तळं काढून टाका, सर,” बाई दिराला म्हणाल्या.

“काढतो, मॅडम. मग छपराचं आणि पार्किंगचं पावसाचं पाणी कुठे नेऊ? तळं नुसतं शोभेचं नाही. सगळं पाणी त्यात थांबून हळूहळू नाल्यात जाणार आहे. तळं नसेल तर ते धावपट्टीशेजारच्या गवतात साचेल. बगळे तिथे येतील. त्यांचा टर्मिनलपर्यंतचा हेलपाटा तेवढा वाचेल.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. आराखड्यावरचे पाण्याच्या वाटेचे बाण त्यांनी नीट पाहिलेच नव्हते. चित्र फ्रिजवर पाहिलं होतं आणि मत तिथेच बनलं होतं.

“हे माझ्याकडून राहिलं,” त्या म्हणाल्या, आणि ‘तळं काढल्यास’ असं लिहून दुसरी चिठ्ठी लाल चौकोनात लावली.

“म्हणजे दोन्हीकडून लालच,” साहेब म्हणाले. “पुढच्या आठवड्यात बसू. तेव्हाही उत्तर नसेल तर सल्लागार.”

घरी अबोला सुरू झाला. “आई, वहिनींना म्हणावं मीठ सरकवा.” मीठ सरकायचं. मग एका संध्याकाळी दीर आराखड्याची गुंडाळी घेऊन स्वयंपाकघरात आला.

“वहिनी, एवढं बघता का? बैठकीत पुन्हा शोभा नको.”

बाईंनी हात पुसले, पण गुंडाळीला लावले नाहीत. “इथे बघितलं तर ते घरातलं होईल. उद्या सकाळी ऑफिसात या. टॉवरवाल्यांना बोलावते, ड्रेनेजच्या इंजिनिअरला पण. या खेपेला बाणांपासून सुरुवात करू.”

“बैठकीआधी बैठक?”

“तीच आधी घ्यायला हवी होती. मीच घेतली नाही.”

दीर पुटपुटत गेला, पण टॉवरच्या प्रमुखाला फोन त्यानेच केला.

सकाळी चौघं नकाशावर वाकले. पाणी जमिनीखालच्या बंद टाक्यांत न्यायचं, ही कल्पना दिराचीच. खोदकामाला लागणारी उंच क्रेन विमानांच्या वाटेत येईल, हे टॉवरच्या प्रमुखाने काढलं. म्हणून टाक्या इमारतीकडे सरकल्या. त्या भरल्या तर जादा पाणी कुठून बाहेर पडेल, यावर ड्रेनेजवाला आणि बाई जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडले. पुढच्या बैठकीत लाल चौकोन रिकामा होता. काम दिराकडेच राहिलं. बाईंनी सही केली.

टर्मिनल उघडलं तेव्हा दीर आईला घेऊन आला. समोर सपाट फरसबंद अंगण होतं, त्याच्या स्वतःच्या मते अगदी बसडेपोसारखं. बाई दोन पावलं मागे उभ्या होत्या.

“तुझं तळं कुठे आहे रे?”

“तुझ्या पायाखाली.”

“मग दिसत का नाही?”

“वहिनींना विचार.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, आणि चप्पल सरळ करत म्हणाल्या, “बरं झालं. डास तरी होणार नाहीत.”