सुई सोडलेल्या गुलजारबी

भोरच्या गुलजारबी सुईण. पोट फुगलेल्या तान्ह्या पोरांना त्यांनी वीस वर्षं तापल्या सुईनं डाग दिले. माझ्याही बेंबीपाशी त्यांनी दिलेले तीन आहेत. मग त्या सरकारी दवाखान्यात शिकून आल्या, आणि डागू नका म्हणून गावोगाव सांगत हिंडू लागल्या.

एकोणीसशे अडतीस साली भाटघरला आमच्या ओसरीवर बायका जमल्या. गुलजारबींनी पदर सावरला, तीनदा घसा खाकरला. "बायांनो, म्या लई लेकरं भाजली. त्यातलं येक गेलं. तुमी डागू नका, दवाखान्यात आना." एवढं बोलून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

मी टुणकन उठले. पदर, खाकरणं, "म्या लई लेकरं भाजली", रडवेला हेल, सगळं हुबेहूब केलं. "पुरे गं मेले!" म्हणत बायका लोटपोट झाल्या. शेजारची ठकुबाईसुद्धा हसली, तिच्या मांडीवर फुगल्या पोटाचं लेकरू होतं. वळून बघते तर गुलजारबी तांब्या धरून दारात उभ्या.

दुसऱ्याच दिवशी ठकुबाईनं सासूकडून लेकराला डागून घेतलं. जखम चिघळली. गुलजारबी रोज भोरहून चालत येऊन ती धुवायच्या. तिसऱ्या दिवशी मी ठकुबाईकडे गेले, गुलजारबींना म्हटलं, "चुकलं माझं."

"मला कशापायी सांगतीस? तिला सांग," त्या म्हणाल्या.

मी ठकुबाईकडे वळले. तिनं मान वर केली नाही. "त्या बोलत हुत्या तवा मला खरं वाटलं हुतं गं," ती म्हणाली. "मग तू करून दाखवलंस."