बिरोबाच्या दोन पाकळ्या

पीएचडीसाठी बंगळुरूला जायचं की शिरूरच्या स्थळाला होकार द्यायचा, हे मला ठरवता येईना, म्हणून पप्पांनी केडगावजवळच्या आमच्या गावी बिरोबाला कौल लावायचं ठरवलं. दोन्हीकडे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मी विरोध केला नाही. त्या दिवसांत कशालाच विरोध करावासा वाटत नव्हता. जेवणाची चवही लागत नव्हती.

पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर बंगळुरू, डावी पडली तर लग्न. पप्पा, आत्या आणि मी समोर बसलो.

"हिच्या मनात काय हाय ते देवाला ठावं हाय," आत्या कुजबुजली. "तोंड उघडत न्हाई, पर आत ठरलेलं असतंय."

घरात सगळ्यांचा हाच समज होता. मी लाजाळू, म्हणून सांगत नाही. फिजिक्सच्या एम.एस्सी.ला क्वांटम शिकताना मीही आधी असंच धरून चालले होते, की इलेक्ट्रॉनचा स्पिन वर की खाली हे मोजण्याआधीच ठरलेलं असतं, फक्त आपल्याला माहीत नसतं. आमच्या मॅडम म्हणायच्या, तसं नसेलही. कदाचित जगातच ते अजून ठरलेलं नाही, माहीत करून घ्यायला तिथे काहीच नाही. परीक्षेत मी दोन्ही मतं नीट मांडली आणि आपलं मत लिहायचं टाळलं. देवळात बसून आत शोधलं, तर होकार नव्हता, नकारही नव्हता. लपवलेलं असं काही नव्हतंच.

पाकळ्या हलेनात.

"पंखा लावा की," आत्या म्हणाली.

"वाऱ्यानं पडलेला कौल देवाचा असतोय व्हय, आक्का?" पुजारी म्हणाला.

"मग इंग्लिश मिडियमची पोर देवालाबी उमजंना म्हणायचं."

पप्पा हसले नाहीत. पाकळ्यांच्या कडा वाळून वळायला लागल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग आता. तू म्हणशील ते."

"जाते," मी म्हणाले. माझाच आवाज ऐकल्यावर मला ते कळलं. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

"मला म्हाईतच व्हतं," आत्या म्हणाली. "पहिल्यापासनं हेच व्हतं हिच्या मनात."

पुण्याला परतताना यवतला चहाला थांबलो. पप्पांनी तिथूनच मुलाच्या वडिलांना फोन लावला. "तिचं आधीपासूनच शिकायचं ठरलेलं होतं हो. आम्हालाच उशिरा कळलं," असं म्हणून ते पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले.

मी शेजारीच उभी होते. तसं नव्हतं, हे त्यांना सांगता आलं असतं. मी चहा संपवला.