घट्टे कोयत्याचे नव्हते

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला वॉर्डातून बाहेर काढलं. कारण माझे तळहात. पिवळे, जाड, कडेनं भेगाळलेले. "संसर्ग असेल. पेशंटला हात लावायचा नाही," ट्यूटर मॅडम सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या. वॉर्डातले दिवस भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष बुडणार, अन् मी घरी बसणार. माझं डोकंच फिरलं.

नगरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "घरात आणखी कुणाला?"

"वडलांना. पण त्यांचे ऊस तोडून झालेत."

अण्णा म्हणजे शेवगावकडून दर दिवाळीनंतर साखर कारखान्यावर ऊसतोडीला जाणारा माणूस. कोयत्यानं घट्टे पडणारच, असंच आम्ही धरून चाललेलो.

"तू कधी कोयता धरलास?"

कुठला! मी तर वसतिगृहात वाढलेली. मग एकदम लक्षात आलं. आईही अण्णांच्या बरोबरीनं तोडते, पण पावसाळ्यात घरी असली की तिचे हात मऊ पडतात. अण्णांचे कधीच पडले नाहीत. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही!

हे सांगितलं तसे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, जनुकांची तपासणी करू, आईवडलांचंही रक्त लागेल.

अण्णा फोनवर भडकले. "माजं हात कष्टाचं हायेत. मला रोग न्हाई."

"मग या की, दाखवून द्या!" मीही त्यांचीच लेक. आले बिचारे. सुई बघून तोंड फिरवलं.

पुण्याहून रिपोर्ट यायला कितीतरी आठवडे लागले. एका जनुकात बदल आहे, तो वडलांकडून आलाय, आईत नाही. हा आजार हात लावल्यानं कुणाला होत नाही, हे डॉक्टरांनी खाली लिहून दिलं. मी तिथंच टाळी वाजवली.

अण्णांना फोनवर कळवलं. ते हळूच म्हणाले, "म्हंजे माज्यामुळं व्हय, पोरी?"

"व्हय. आन् हा तापट सोभावबी तुमच्यामुळंच. न्हाईतर कवाच घरी आले असते." ते हसले, तेव्हा कुठं मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद दोनदा वाचला. मला वॉर्डात नेलं, मुलींना गोळा केलं, खुर्चीवर बसल्या आणि स्वतःचाच हात पुढं केला. "माझं बीपी घे."

मी दंडाला पट्टा बांधला, उघड्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"जास्त आहे, मॅडम," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मीठ कमी करा."