रोज दुपारी बंद होणारं फोल्डर

आमच्या जळगावच्या ऑफिसातून केळीचे ट्रक दिल्लीकडे सुटतात. काट्यावर वजन झालं की सर्व्हरवरच्या एका फोल्डरात नोंद पडते, मग गेटपास छापून येतो. नोंद नाही तर गेटपास नाही, आणि गेटपास नाही तर ट्रक उन्हात उभा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कापलेली केळी उभी ठेवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

यंदा ते फोल्डर रोज दुपारी रुसायला लागलं. सकाळी सगळ्यांना उघडायचं. जेवून येऊन बसलो की कुणालाच उघडायचं नाही, 'परवानगी नाही' म्हणून गप्प. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो, आणि बाकीच्यांनी ते उघडायचं की नाही, त्यात लिहायचं की नाही, याची परवानगी ठरलेली असते. ती कुणीतरी बदलत होतं. सर्व्हर सांभाळणं माझंही काम, पण माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं. मी वैतागून सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकायचो. ट्रक हलायचे. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

शेवटी साहेबांनी स्क्रीनवर बघितलं. मालकाच्या जागी नवीन ऑपरेटर पोरीचं नाव होतं. साक्रीकडच्या खेड्यातली, नुकतीच लागलेली, अजून कायम न झालेली. त्यात फोल्डर बाकी सगळ्यांना बंद असताना तिचं काम मात्र सुरळीत चालायचं. वरून ती आमच्याबरोबर जेवायला बसायची नाही. लाजायची, लवकर दोन घास खाऊन मशीनवर बसायची, नेमकी त्याच वेळेला. आता आणखी काय पुरावा हवा? साहेबांनी तिला सांगून टाकलं, घरच्यांना बोलावून घे, तुझं काम संपलं. तिने एकदाच म्हटलं, "साहेब, मी नाही केलं."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील एसटीने आले. हातात रिकामी बॅग, पोरीचं सामान न्यायला. त्याच सकाळी आमची अक्का मुक्ताईनगरहून भाचीचं लग्न उरकून कामावर आली.

अक्का म्हणजे जळगाव आणि धुळे दोन्हीकडच्या सर्व्हरची मोठी जबाबदार बाई. असोद्याची, घरी केळीच्या बागा, बोलणं फटकळ. मी तिच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, शिव्याही खाल्ल्या. सगळी हकीगत ऐकून तिने पहिल्यांदा माझीच हजेरी घेतली.

"रोज परवानगी मोकळी करून देत होतास? बागेत चोर शिरला तर आपण आधी पावलं बघतो की झाडू मारतो?"

"ट्रक उभे होते, अक्का."

"ट्रक हलव ना. पण आधी बघ, मग हलव. तू तर रोज पावलं पुसत बसलास."

मग ती साहेबांकडे गेली. "आजची दुपार मला द्या. पोरगी कुठं पळून जात नाही."

साहेब म्हणाले, "नाव तिचंच आहे, अक्का."

"असू द्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते कधीकधी."

तिने काय केलं, तर पोरीचं सर्व्हरवरचं खातं साहेबांच्या देखत बंद केलं. आता ती इच्छा असूनही आत शिरू शकत नव्हती. फोल्डरवर पाळत बसवली, म्हणजे त्याला कोण हात लावतं ते मशीनच लिहून ठेवणार. आणि जेवायच्या वेळी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. साहेबांना, मला, पोरीला आणि तिच्या वडिलांनाही. म्हाताऱ्याने बॅगेतून भाकरी आणि ठेचा काढला. अक्का वांग्याच्या भरिताची वाटी सगळ्यांपुढे फिरवत होती, जसं काही आजही लग्नच आहे.

जेवणं आटोपायच्या आतच काट्यावरून फोन आला. गेटपास निघत नाही.

आम्ही उठून स्क्रीनपाशी गेलो. फोल्डर बंद. मालकाच्या जागी पुन्हा पोरीचं नाव. पोरीचा हात अजून भरिताने माखलेला होता.

साहेब चक्रावले. "पण नाव तर..."

"नाव सोडा, नंबर बघा," अक्का म्हणाली. "मशीनला नाव कळत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक माणूस म्हणजे एक नंबर. आपल्याला वाचता यावं म्हणून त्यावर ते नाव चिकटवतं."

पाळतीत दिसलं ते असं. धुळ्याच्या ट्रकांच्या नोंदी यंदापासून रोज दुपारी आपोआप जळगावच्या फोल्डरात येतात. येताना त्या धुळ्याच्या फोल्डरचा मालक आणि परवानगीही जशीच्या तशी आणून आमच्या फोल्डरला लावत होत्या. अक्काने तिथूनच धुळ्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"तुमच्याकडे या नंबरवर कोण आहे रे?"

"नाना."

"नाना तर केव्हाच रिटायर झाले."

"हो, पण अक्का, नानांचं नाव कसं काढणार? बरं दिसतं का ते? आम्ही बठ्ठे जण अजून नानांच्याच नावाने काम करतो."

मला हसू आवरेना. नाना म्हणजे धुळ्याचे जुने ऑपरेटर, आपल्या फोल्डरला दुसऱ्याचा वाराही लागू न देणारे. धुळेकरांनी मानाने त्यांचं नाव आणि फोल्डरवरचं त्यांचं कुलूप दोन्ही ठेवलं. जळगावातही त्यांचं त्याच नंबरचं खातं होतं; ते मात्र नाना निवृत्त झाल्यावर काढलं गेलं, आणि मोकळा झालेला नंबर मशीनने पुढच्या माणसाला देऊन टाकला. तो माणूस म्हणजे ही पोरगी. म्हणून मालकाच्या जागी नाव तिचं दिसायचं आणि फोल्डर तिला एकटीला उघडायचं.

अक्काने नोंदी आणणाऱ्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या. नोंदी तेवढ्या आण, मालक आणि कुलूप तिकडेच राहू दे. मग फोल्डर पहिल्यासारखं केलं, पोरीचं खातं चालू केलं, आणि बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. मी पाहिलेल्या माणसांत इतक्या शांत डोक्याचं दुसरं कुणी नाही. ती पोरीवर दया म्हणून उभी राहिली नव्हती. बघितल्याशिवाय काही मानायचंच नाही, मग समोर साहेब असो की स्क्रीन, हा तिचा स्वभाव. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते पोरीच्या वडिलांसमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, आमची चूक झाली. माफ करा."

म्हातारा उठून उभा राहिला. रिकामी बॅग त्याने काखेत मारली.

"माले नका सांगा, साहेब," तो म्हणाला. "तिले सांगा."

सगळं ऑफिस बघत होतं. साहेब वळले, पोरीच्या टेबलापर्यंत चालत गेले आणि तिला म्हणाले, "ताई, माझं चुकलं. तू खरं सांगत होतीस."

काम संपलं म्हटल्यावरही जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती पोरगी तेव्हा रडली.