खुंटीवरचा कंगवा

सगळी इमारत तिला ताई म्हणायची. चौथ्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका तिच्यापेक्षा वयानं चांगले मोठे, पण तेसुद्धा ताईच म्हणायचे. खरं तर ती एकीचीच ताई होती, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीची. धाकटी जिन्यातून ‘ताई, ताई’ करत यायची, ते ऐकून बाकीच्यांनी उचललं आणि मग तेच नाव पडलं.

ताई कपडे शिवायची. तळमजल्यावर, जिन्याला लागूनच तिची खोली. मशीन दारासमोर, उजेडासाठी. तिथंच तिचं चुकलं. येणाराजाणारा प्रत्येक माणूस तिच्या दारावरून जायचा आणि जाता जाता काहीतरी टेकवायचा. ‘ताई, जरा एवढी चेन बदल ना.’ ‘ताई, एवढीशी शिवण उसवलीय.’ ‘जरा’ आणि ‘एवढंसं’ या दोन शब्दांनी त्या बाईची कंबर मोडली होती. बरं, स्वतःचा नळ गळायला लागला तर विचारायची सोय नाही. तिची जीभच उचलायची नाही. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात ना, तसली गत. धाकटीचंही तेच. दोघी बहिणी या बाबतीत एकाच माळेचे मणी. आई लवकर गेली, मागायचं कुणाकडे हेच ठाऊक नाही, मग सवय लागणार कुठून?

पुढे जवळचा मोठा कारखाना बंद पडला आणि इमारतीत अर्ध्याअधिक घरांत माणसं हातावर हात ठेवून बसली. वायरमनकडे काम नाही, केस कापणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक नाही. हातात कसब सगळ्यांच्या, खिसा सगळ्यांचा रिकामा. तेव्हा ताईच्या डोक्यात ती फळी आली.

पलंगाची जुनी फळी होती घरात. तिला तिनं वायरमनकडून खुंट्या ठोकून घेतल्या, घरटी एक, आणि फळी लावली जिन्याच्या पहिल्या वळणावर. रीत अशी, की ज्याला जे काम करून हवं त्याची खूण त्यानं आपल्या खुंटीवर टांगायची. शर्टाला बटण हवं तर बटण दोऱ्यात ओवून टांगा. दिवा बिघडला तर बल्ब पिशवीत घालून टांगा. ज्याला ते काम जमतं त्यानं खूण काढून घ्यायची आणि वर जाऊन काम करून द्यायचं. आणि ज्याचं काम झालं, त्याच्यावर एक पाळी चढली. त्यानं दुसऱ्या कुणाची तरी खूण उतरवून काम केल्याशिवाय त्याची स्वतःची खुंटी रिकामीच राहील. लिहायचं काही नाही, मोजायचं काही नाही. रिकाम्या खुंट्या सगळ्यांना दिसतातच.

आणि एक नियम सगळ्यांवर कडी. तोंडी काही मागायचं नाही. कुणी दारात उभं राहून ‘ताई, जरा’ म्हणालं, की ताई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, ‘खुंटीवर टांग.’ बोलघेवड्यांचं फावू नये, अबोल माणूस मागे राहू नये, म्हणून तो नियम. मनातल्या मनात तिनं तो धाकटीसाठीच केला होता म्हटलं तरी चालेल.

फळी चालली बघा. अशी चालली, की शेजारच्या इमारतीतली माणसं बघायला यायची. ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच दिवशी आपला बूट टांगला. तो बूट असा काही दरवळला, की वायरमननं नाक दाबून, बाकी सगळी कामं सोडून आधी तोच शिवून दिला. मग काकांनी कुणाची कपाटं हलवली, कुणाच्या आजीला दवाखान्यात नेऊन आणलं. केस कापणारी बाई अख्ख्या इमारतीची डोकी सांभाळायची आणि बदल्यात तिच्या घरचे पडदे, चादरी, मुलीचे फ्रॉक ताईच्या मशीनखालून जायचे. ‘खुंटीवर टांग’ ही इमारतीतली म्हणच झाली. नवऱ्यानं चहा मागितला तरी बायका तेच म्हणायच्या.

पण चांगलं चाललेलं कुणाला बघवतं? एकदा धाकटीनं उशीचा फाटका अभ्रा टांगला आणि ताईनं तो त्याच दुपारी उतरवला. काकांचा कोट तिच्याही आधीपासून लटकत होता. काका जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, काय ताई?’ हसत म्हणाले, पण म्हणाले. ताईला ते फार लागलं. जन्मभर कुणाचं फुकट न घेतलेली बाई. त्या दिवसापासून तिनं धाकटीच्या खुंटीला हात लावला नाही. आणि एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं.

धाकटी विणकाम करायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, सुया आणि लोकर हाच तिचा संसार. वायरमनच्या घरी बाळ झालं तेव्हा त्यानं लोकरीचा गुंडा टांगला आणि धाकटीनं तो हौसेनं उतरवला. पण स्वेटर काही होईना. एक बाही झाली, दुसरी अडली. थंडी पडली. बाळाला शालीत गुंडाळून वायरमनची बायको जिन्यातून जायची आणि ताईच्या दाराशी जरा जास्तच रेंगाळायची. बोलायची काही नाही. नियमच होता ना, तोंडी काही नाही.

ताईला शरम वाटली. आपलीच बहीण पाळी अडवून बसते म्हणजे काय? ती तिसऱ्या मजल्यावर गेली नाही, निवांत बसून विचारलं नाही. धाकटी पाव आणायला खाली उतरली तेव्हा जिन्यातच, चारचौघांत म्हणाली, ‘स्वेटर कधी होणार? माझी बहीण म्हणून तुला सूट नाही हं.’

‘होईल गं,’ धाकटी म्हणाली. ‘खांदा जरा धरलाय.’

‘खांदा सगळ्यांचाच धरतो. मी दिवसभर मशीन मारते.’

धाकटी हसली. ती नेहमी हसायचीच, म्हणून तर कुणाला काही कळायचं नाही. त्या आठवड्यातच स्वेटर झाला. पिवळा, गळ्याशी दोन बटणं. कसा केला तिचं तिला माहीत. काका म्हणाले, ‘बघा, नियम म्हणजे नियम.’ आणि ताईला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. बहिणीचा नाही, स्वतःचा.

त्यानंतर एका सकाळी धाकटी ताईच्या दारात येऊन उभी राहिली. आत दोन गिऱ्हाइकं बसलेली, ताईच्या तोंडात टाचण्या, हातात कुणाचीतरी कॉलर. धाकटीचे केस मोकळे होते, कमरेपर्यंत. एवढे केस त्या घराण्यात दुसऱ्या कुणाचे नव्हते. लहानपणी रोज शाळेआधी ताईच तिला गुडघ्यांत धरून वेणी घालायची, ओढून ओढून, आणि ती रडायची.

‘ताई, जरा केस विंचरून देशील? हात वर जात नाही.’

धाकटीनं जन्मात पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं होतं. आणि ताईनं टाचण्यांच्या फटीतून, सवयीनं, काय म्हणावं?

‘खुंटीवर टांग.’

गिऱ्हाइकं हसली. धाकटीही हसली. ‘बरं,’ म्हणाली आणि गेली. ताईला वाटलं, चेष्टा झाली, संपलं.

दुपारी ताई जिना पुसायला पाण्याची बादली घेऊन चढली तर धाकटीच्या खुंटीवर खरंच कंगवा. लाकडी, कोपऱ्यातले दोन दात तुटलेला. आईचा कंगवा तो, ताईनं लांबून ओळखला. क्षणभर थांबली. मग मनाशी म्हणाली, केसांचं काम म्हणजे केस कापणाऱ्या बाईचं. ती थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, आली की उतरवेल. आणि मी उतरवला तर काका पुन्हा बाब्या काढतील. आपल्याच फळीचा नियम आपणच मोडायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

कंगवा तिथंच राहिला. ताई रोज खुणा न्यायला त्याच्यासमोर येत होती, जात होती. लोक आपापल्या खुणा टांगत होते, काढत होते. त्या कंगव्याकडे कुणी बघितलं नाही, कारण ज्याचं त्याचं काम वेगळं होतं. धाकटी खाली यायची बंद झाली हे कुणाच्या ध्यानात आलं असेल तर ते ड्रायव्हरकाकांच्या. तेच एकदा वर जाऊन दार वाजवून आले आणि तसेच ताईच्या खोलीत शिरले. ‘ताई, मशीन थांबवा,’ म्हणाले. ‘गाडी काढतो मी.’

दुखणं खांद्याचं नव्हतंच. आत कुठंतरी सुरू झालेलं, हाडापर्यंत पोचलेलं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस यांच्या घरच्यांना कळलं कसं नाही? ताई काय सांगणार? की कळवलं होतं तिनं, मीच खुंटीवर टांगायला लावलं?

दुसऱ्या दिवशी ताई इमारतीत आली, फळीपाशी गेली आणि कंगवा उतरवला. जिन्यात माणसं होती. काकांनी नजर वळवली. कंगवा पदराखाली धरून ती दवाखान्यात पोचली, धाकटीच्या खाटेशी गेली, आणि तिथंच खिळली. धाकटीच्या डोक्यावर केस नव्हते. म्हणजे होते, बोटभर.

‘नर्सनं कापले,’ धाकटी म्हणाली. ‘फार जटा झाल्या होत्या गं. तिची कात्रीसुद्धा चालेना. आता हलकं वाटतंय.’

ताईच्या हातातला कंगवा तिला दिसला. बघत राहिली आणि मग तिचं ते नेहमीचं हसू हसली. ‘उतरवलास? लागला म्हणायचा माझा नंबर.’

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. ताई खाटेच्या कडेला बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या बोटभर केसांतून कंगवा फिरवायला लागली. अगदी हळू, न ओढता. विंचरण्यासारखं काही नव्हतंच. धाकटीनं डोळे मिटले.

‘म्हणजे आता माझ्यावर पाळी चढली,’ ती म्हणाली. ‘बरी झाले की फेडते हं, ताई. मला सूट नको.’

ती घरी आली नाही.

ताई फळी उखडायला निघाली होती. लोकांनी उखडू दिली नाही. वायरमनची बायको पिवळ्या स्वेटरातलं बाळ कडेवर घेऊन आडवी उभी राहिली. म्हणाली, ‘आमचं अडतं हो ताई, ठेवा.’ फळी राहिली. आजही आहे, आणि नवी माणसं येतात, तिची वाखाणणी करतात. ताई मान हलवते. दारात कुणी ‘जरा’ म्हणत उभं राहिलं तर ती टाचण्या थुंकून उठते आणि आधी त्याचं तोंड बघते. नियम तिनंच मोडला, त्यावरून कुणी तिला बोलत नाही.

आपली पाळी झाली, की ती फळीवरून आणखी एक खूण उतरवते. कधी बटण, कधी फाटका अभ्रा, कधी तिला न जमणारं कामसुद्धा, मग शिकून करते. एका नव्या भाडेकरणीनं विचारलं, ‘तुमची पाळी तर कालच झाली ना? ही कुणाची?’

‘धाकटीची,’ ताई म्हणाली. ‘तिची राहिलीय.’