शमशुद्दीनभाईंचं फडकं

आमच्या खराडीच्या सोसायटीत चारशे घरं. त्यांचं सगळं सांडपाणी तळघरातल्या प्रकल्पात शुद्ध होतं, आणि तिथं गेली अकरा वर्षं शमशुद्दीनभाई आहेत. नाना पेठेत वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची सवय लहानपणापासूनची.

घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ती ब्लोअर पुरवतात, आणि सगळ्यात जास्त वीजही तेच खातात. सकाळी आंघोळी-धुणी सुरू झाली की भाई दोन्ही ब्लोअर लावत. माणसं ऑफिसला गेली की काचेच्या बरणीत पाणी घेऊन अर्धा तास गाळ बसू देत, वरचं पाणी नितळ दिसलं की मग एक बंद करत.

यंदा कमिटीनं स्वयंचलित यंत्रणा बसवली. टाकीतला सेन्सर पाण्यातला प्राणवायू मोजतो आणि त्याप्रमाणे ब्लोअरचा वेग आपोआप कमी-जास्त होतो. अध्यक्ष तात्याराव इथल्याच गावचे. त्यांनी टाकीच्या जाळीला आणि कंट्रोलच्या पेटीला कुलपं ठोकली. "ऑटोमॅटिक हाय. कुणी हात लावायचा न्हाई." महिनाभर नीट चाललं की भाईंना निरोप द्यायचा, हेही मीटिंगमध्ये ठरलं.

"सेन्सर पुसावा लागेल," भाई एवढंच म्हणाले.

"ते काय तान्हं बाळ हाय, अंग पुसायला?" तात्याराव म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात ब्लोअर भर दुपारीही पूर्ण वेगानं घोंघावू लागले. आमचं घर बरोब्बर वर. मांडणीतल्या वाट्या वाजायच्या. मी तक्रार केली तसे तात्याराव तरातरा खाली निघाले. मी मागोमाग.

"नोकरी जाती म्हणून पेटीला हात लावलास ना भाई?"

"कुलूप कुणाचं, तात्या?"

"माझं."

"किल्ली?"

"माझ्याकडंच हाय."

"मग मी काय फुंकर मारून ब्लोअर पळवतो?"

तात्यारावांनी जाळी उघडली. भाईंनी सेन्सर वर ओढला. टोकावर बोटभर बुळबुळीत थर. "या चिखलात त्याला हवा कुठली दिसायला? कमी आहे समजून पळवतोय ब्लोअर." ओल्या मऊ फडक्यानं त्यांनी ते टोक हळुवार पुसलं, सेन्सर परत पाण्यात सोडला. पेटीवरचा प्राणवायूचा आकडा चढू लागला. पाचसात मिनिटांत ब्लोअरची घरघर उतरत उतरत गुणगुणण्यावर आली.

तात्यारावांनी तिथूनच यंत्रणा बसवणाऱ्याला फोन लावला. "आठवड्याला एकदा पुसायचाच असतो, सर. पुस्तिकेत लिहिलंय," पलीकडून उत्तर आलं.

ती पुस्तिका तात्यारावांच्याच कपाटात होती, न उघडलेली.

त्यांनी जुडग्यातून जाळीची किल्ली काढली. "घ्या भाई. आता तुम्ही कुठं जायचं न्हाई. मीटिंगला मी सांगतो."

"किल्ली नको तात्या. कुलूपच काढा."

काढलं. जाळीच्या त्या कडीवर आता भाईंचं फडकं वाळत असतं. दुसऱ्या सोसायट्यांची माणसं यंत्रणा बघायला आली, की तात्याराव पेटी मागाहून दाखवतात. आधी म्हणतात, "हे आमचे भाई."