खुनी कोण, ते सांगा

तुमच्या गावात वाचनालय आहे का? आहे म्हणता? मग त्याची किल्ली कोणाच्या खिशात असते, तेवढं सांगा. आणि ते कुलूप शेवटचं कधी उघडलं, तेही सांगा. नाही ना माहीत? ज्योती खिल्लारेलाही माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा तिचं डोकं असं फिरलं की अजून जाग्यावर आलेलं नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं गाव. ज्योती तिथल्या बौद्ध वस्तीतली सून. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, हळदीच्या रानात कंबर मोडून घेतली. पण वाचायला लागली की आवाज असा खणखणीत, की रस्त्यानं जाणारा थांबावा. म्हणून वर्षावासात विहारातला ग्रंथ वाचायचं काम तिच्याकडे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज दिवेलागणीला पाटावर पांढरं कापड, कापडावर ग्रंथ, बाजूला मेणबत्ती आणि समोर रानातून थकून आलेल्या बाया. अध्याय संपला की सगळ्या मिळून “साधु, साधु, साधु!” मग घर.

त्या साली आश्विनी पौर्णिमेला ग्रंथ संपला, खीर वाटली, आणि म्हातारी सोजराबाई जागची हललीच नाही.

“सोजरामाय, उठा की. संपलं.”

“उद्या काय वाचणार?”

“उद्या काही न्हाई. आता पुढच्या आषाढात.”

“तवर काय करू मी? सवय लागली ना गं कानाला! का दावणीला बांधलेल्या म्हशीवानी भिताडाकडं बघत बसू?”

सोजराबाईला अक्षर येत नव्हतं, आणि बाकीच्या बहुतेक बायांनाही. त्यांना वाचायचं म्हणजे ज्योतीच्या तोंडून. ती गप्प बसली की सगळ्यांची पुस्तकं बंद. ज्योतीनं दुसऱ्या दिवसापासून मिळेल ते वाचलं. शेजारच्या लग्नाची पत्रिका वाचली. वडे बांधून आलेला पेपर वाचला, त्यात अर्धा अपघात होता. शेवटी फवारणीच्या औषधाचा कागद वाचला. “लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये,” इथं संपला. सवयीनं सोजराबाई म्हणाली, “साधु, साधु.”

“माय, हे विष हाय!” बेबीबाई हसून हसून आडवी झाली. बेबीबाई म्हणजे ज्योतीची शेजारीण, जिभेला हाड नसलेली. पण हसता हसता तीच म्हणाली, “ज्योते, त्या वाचनालयात काय ठुलंय गं येवढं? पाटी तर मोठी लावलीय.”

पाटी मोठीच होती. अनुदानही दरसाल येत होतं. कुलूपही मोठं होतं. ज्योतीनं कामावर जाताना पाहिलं, येताना पाहिलं, बाजाराच्या दिवशी पाहिलं. दार उघडं सापडलं ते थेट सव्वीस जानेवारीला, झेंड्याच्या दोऱ्या आत ठेवतात म्हणून. सचिव नागोराव अप्पा खुर्चीवर बसून जिलेबी खात होते.

“अप्पा, पुस्तक पायजे.”

“तुमच्या लोकांची पुस्तकं तिकडं, खालच्या खणात. महापुरुषांची. आन् बायांसाठी हे पाककृतीचं हाय बघ. पनीरचे प्रकार.”

ऐकलंत? गोड बोलून, जिलेबी चघळत, कोणत्या माणसानं काय वाचावं याची वाटणी करून टाकली! कादंबऱ्या वर, समुद्र वर, साप वर, देशोदेशीच्या लढाया वर. आणि खाली, ओलीच्या खणात, तुम्ही.

ज्योती म्हणाली, “आमचं आमाला पाठ हाय अप्पा, लेकरपणापासून. तुमी काय वर दडवून ठुलं, ते पाहू द्या.”

“ते तुला झेपणार न्हाई.”

“डोक्यावर ओल्या हळदीचं पोतं झेपतं. पुस्तक न्हाई झेपणार?”

असं म्हणून तिनं टाचा उंचावल्या आणि वरच्या फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक खेचलं. धूळ अप्पांच्या जिलेबीवर पडली. पुस्तकाला वरचं वेष्टन नव्हतं, नाव नव्हतं. पहिली ओळ वाचली, धरणावरच्या बंगल्यात एक इंजिनिअर मरून पडला होता. बस्स. रागाच्या भरात ज्योतीनं मागची पानं काही चाळली नाहीत. घेतलं आणि निघाली.

विहाराच्या दारात दुसरा अडसर. ज्योतीचे चुलत सासरे ग्यानोबा, कमिटीचे अध्यक्ष.

“विहारात धम्माचं वाचायचं, सूनबाई. खून-बिन न्हाई.”

तिकडचे म्हणतात तुमचंच वाचा, इकडचे म्हणतात आपलंच वाचा. मग बाकीच्या दुनियेचं कोण वाचणार? ज्योतीनं पदर नीट केला, पण आवाज नाही उतरवला.

“मामा, पंचशिलात पहिलं काय हाय?”

“प्राणिहत्या करू न्हाई.”

“मग कोणी केली तर पुढं काय होतं, ते कळू द्या की बायांना.”

ग्यानोबानं मिशी चावली. “वाच. पण पांढऱ्या कापडावर ठेवू नको.” आणि स्वतः बाहेर पायरीवर पाठ करून बसले, जणू काही ऐकूच येत नाही.

मग काय विचारता! इंजिनिअरची बायको, त्याचा स्वयंपाकी, स्वयंपाक्याचा मेव्हणा, गावातला ठेकेदार. एकेकावर संशय. बाया हळदीचा पाला कापताना दिवसभर त्यावरच भांडायच्या. सोजराबाईचा रोख ठेकेदारावर. “सिमेंट चोरणारं माणूस जीव बी चोरतं,” म्हणायची. बेबीबाईला बायकोवर डाऊट. “म्या नसता मारला असला नवरा?” एके दिवशी ज्योतीनं स्वयंपाक्याच्या हातावरच्या जखमेचं वाचलं, तर बाहेरून ग्यानोबा ओरडले, “आरं, तो कांदा कापताना कापलाय! गरिबावर काहून आळ घेऊन राहिले?”

आणि मग ती वेळ आली. सगळे बंगल्यात जमलेले. ज्योतीनं वाचलं, “‘खुनी याच खोलीत आहे,’ इन्स्पेक्टर म्हणाला, आणि त्याने बोट उचलून...”

पुढं पुठ्ठा.

“वाच की गं.”

“पानं न्हाईत.”

“न्हाईत म्हंजे?”

“फाटलीत. कोणीतरी फाडलीत.”

बेबीबाई उठून उभी राहिली. “मंग त्यो इन्स्पेक्टर काय जलमभर बोट उचलूनच हुबा ऱ्हाणार?”

सकाळी बाया पाला कापायला निघाल्या आणि पाय आपोआप अप्पांच्या दाराकडे वळले. हातात इळे तसेच. अप्पा दात घासत होते.

“अप्पा, खुनी कोण?” ज्योतीनं विचारलं.

अप्पांच्या हातातला तांब्या पडला. “खून? कोणाचा?”

“धरणावरच्या इंजिनिअरचा!”

“आपल्या सिद्धेश्वरला? कधी?” अप्पा मोबाईल शोधायला लागले, पोलिसाला लावायला. मग कळलं, आणि पोट धरून हसायला लागले. “येड्या झाल्या का गं? कादंबरी हाय ती!”

“हसू नका. तुमच्या कपाटातली हाय. तुमी वाचली का?”

“मी कशाला वाचू? मी सचिव हाय!”

या एका वाक्यात आपल्या अर्ध्या वाचनालयांचा इतिहास आला की नाही?

“किल्ली,” ज्योती म्हणाली.

“तुमी सभासद न्हाईत.”

“मग करा. सगळ्यांना. आत्ता.”

अप्पांनी इळ्यांकडे पाहिलं. खरं तर इळ्यांना त्या दिवशी पालाच कापायचा होता. पण किल्ली निघाली.

खालचा खण उघडला तर पुस्तकं नव्हतीच. वाळवीनं माती केलेली, हात लावला की भुगा. ज्या पुस्तकांकडे बोट दाखवून “तुमची” म्हणत होते, ती अशी सांभाळली होती. ज्योतीनं तो भुगा पदरात घेतला, अप्पांच्या समोर टेबलावर ओतला.

वरची मात्र कोरी करकरीत. कोणी उघडलेलीच नाहीत. बायांनी जिच्या तिच्या मनानं उचलली. बेबीबाईनं भुताच्या गोष्टी. सोजराबाईनं चित्रं बघून समुद्रातल्या माशांचं. “म्या मेल्यावर राख बी तिथवर जाणार न्हाई, पाहू तरी दे काय हाय आत.” ज्योतीनं रेल्वे आपल्याकडे कशी आली त्याचं घेतलं, आणि तिसऱ्या फळीवरची एक प्रेमाची कादंबरी, पिशवीत खाली घालून.

आता एक दिवस गोष्ट, एक दिवस माहिती. ग्यानोबा पायरीवरून आत सरकलेत, दाराजवळच्या चटईपर्यंत. किल्लीची एक जोड वस्तीत आहे. पण ती पानं काही सापडली नाहीत. देवमाशाचं चालू असतानाही सोजराबाई मधेच विचारते, “त्या ठेकेदाराला पकडला का गं?” तिचं वय झालंय. तिला थांबायला वेळ नाही.

तेव्हा तुमचं कपाट उघडा. धरणावरच्या बंगल्यात इंजिनिअर मरतो, स्वयंपाक्याच्या हाताला जखम असते, अशी कादंबरी तुमच्याकडे असेल तर शेवटची पानं आमच्या वस्तीत पाठवा. नसेल तर दुसरं कोणतंही पुस्तक पाठवा. गोष्टीचं, तारे-ग्रहांचं, डाकूचं, डॉक्टरचं. आमच्यासाठी चांगलं काय ते तुम्ही ठरवू नका. फक्त पाठवायच्या आधी शेवटचं पान आहे का, तेवढं बघा.